मृगाआधी एक लोटा पाणी

सात वर्षं झाली, पण तो फोन अजून कानात आहे. मृगाचा पहिला दणका आदल्या रात्री बसला होता. सकाळी साडेदहाला बँकेतले शिपाई काका लाईनवर. "भाऊ, लवकर या बाप्पा. तुमचा एसी मुतून राह्यला."

मी पोचलो तेव्हा शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. जूनचा पहिला-दुसरा आठवडा म्हणजे आमच्याकडे पीककर्जाची जत्रा. बियाणं घ्यायचं, खत घ्यायचं, आणि सगळ्यांना पैसे आजच पाहिजेत. त्या गर्दीच्या मागे, कर्जविभागाच्या लोखंडी कपाटावर भिंतीवरचा दोन टनी स्प्लिट धार लावून बसला होता. पाणी कपाटाच्या फटीतून आत गेलं होतं. सातबारे, आठ-अ, सोसायटीचे दाखले, सगळ्यांवरचे जांभळे शिक्के फुलून पसरले होते. दोन क्लार्क मॅडम एकेक उतारा टेबलावर मांडून पंख्याखाली वाळवत होत्या. एक आजोबा नुसते त्या कागदांकडे पाहत उभे होते, आपला कोणता ते ओळखू येतो का म्हणून.

मॅनेजर साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त फाईल उघडून माझ्यापुढे धरली. एप्रिलचा सर्व्हिस रिपोर्ट. 'ड्रेन तपासला' या रकान्यापुढे बरोबरची खूण, आणि खाली माझी सही.

मी मागच्या गल्लीत गेलो. ड्रेनचा, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर सोडायचा, पाईप भिंतीतून बाहेर येऊन जमिनीपासून हातभर उंचीवर संपत होता. त्याच्या तोंडात मातीचं बूच. गुळगुळीत, नीट लिंपलेलं, आमच्या घरची चूल आई लिंपायची तसं. कुंभारीण माशीचं घर. खिळ्यानं फोडलं तर आत वाळलेल्या कोळ्यांची रास, तिच्या पिल्लांची शिदोरी. त्याच्यामागे दोनेक इंच धूळ, रुईचे तंतू आणि शेवाळाचा चिखल. बूच निघाल्याबरोबर पाईपातून काळं पाणी भळाभळा माझ्या चपलेवर.

आता एप्रिलमध्ये मी खरंच पाहिलं होतं का? पाहिलं होतं. पाईपाखाली जमीन कोरडी, आत ट्रे कोरडा, गळती कुठे नाही. खूण केली. चूक तिथेच झाली. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे ड्रेन कोरडाच असतो, तुंबलेला असला तरी.

हे जरा सांगायला हवं, कारण मुंबईच्या माणसाला पटत नाही. तिकडे एसी बारा महिने पाणी काढतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४ अंश असतात आणि हवेतली आर्द्रता कधी कधी १० टक्क्यांवर येते. अशा हवेला दव सुटायला साधारण ५-६ अंशांपर्यंत थंड करावं लागतं. एसीची कॉईल, म्हणजे आतली गार नळ्यांची जाळी, असते १० अंशांच्या आसपास. मग पाणी येणार कुठून? अडीच-तीन महिने ट्रेमध्ये फार तर ओल धरते. त्या काळात पाईप म्हणजे रिकामी, सावलीतली, सुरक्षित नळी. माशीला याहून बरी जागा कोणती? मग एका रात्रीत पाऊस पडतो. दुसऱ्या दिवशी हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के. त्या हवेला २६ अंशांवरच दव सुटतं. तोच एसी तासाला दोन-तीन लिटर पाणी काढायला लागतो, वर ओल्या कपड्यातली शे-दीडशे माणसं आत. म्हणजे ड्रेनची परीक्षा वर्षातून एकाच दिवशी होते, आणि नेमकी पीककर्जाच्या गर्दीच्या दिवशी.

तेव्हापासून मी मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक इनडोअरच्या ट्रेमध्ये एक लोटा पाणी ओततो आणि हाताखालच्या पोट्ट्याला मागच्या गल्लीत उभं करतो. तो "आलं, आलं" म्हणून ओरडला की पुढच्या एसीकडे. पाईपाच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, तारेनं बांधलेला. एवढंच. याला ना मीटर लागत ना गेज.

मी पांढरकवड्याचा. एसीवाले भाऊ म्हणूनच लोक ओळखतात. यवतमाळच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, काही वर्षं नागपुरात एका डीलरकडे काढली आणि परत आलो. आता बँका, एटीएमच्या खोल्या, सराफाची दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं, जिनिंगची ऑफिसं, हायवेवरची हॉटेलं, टिपेश्वरला वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी झालेली रिसॉर्टं, अशी पसरलेली गिऱ्हाईकं आहेत. करंजीवरून मारेगाव, मारेगाववरून वणी, इकडे घाटंजी, आर्णी. मोटरसायकलवर शिडी बांधून अर्धं आयुष्य गेलं. आता जुनी व्हॅन आहे.

देखभालीचं काम मी आयटीआयमध्ये शिकलो असं म्हणतो खरा, पण पाहिलं ते घरी. बाबा जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. दसरा-दिवाळीपासून मार्चपर्यंत जिन चालायची, तेव्हा बाबा घरी फक्त झोपायला. लोकांना वाटायचं पावसाळ्यात यांना आराम. पावसाळ्यात तर त्यांचं खरं काम. एकेक मशीन उघडून रोलर काढायचे, झिजलेलं चामडं बदलायचं, खाचा पाडायच्या, बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन नवं ग्रीस भरायचं. सीझनमध्ये एक जिन तासभर बंद पडली तर फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग वाढायची आणि शेठ बाबांच्या नावानं बोंब मारायचे. कापूस येण्याआधी सगळं तयार पाहिजे, एवढा एकच हिशेब. तारीख कॅलेंडरची नव्हती, कापसाची होती.

आणि माझ्या हातात जो एएमसीचा, म्हणजे वर्षाच्या देखभाल कराराचा, तक्ता येतो तो कॅलेंडरचा. एका शहरातल्या कंपनीकडून मी बँकांच्या शाखांचं काम करतो, नाव कशाला घेऊ. वर्षाला चार व्हिजिट. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. बावीस मुद्दे, प्रत्येकापुढे खूण, फोटो लोकेशनसकट ॲपवर चढवायचे. तक्ता वाईट नाही. फिल्टर, कॉईल, ब्लोअर, अँपिअर, टर्मिनल, सगळं आहे त्यात. पण जुलैची व्हिजिट येते तेव्हा कागद भिजून झालेले असतात. ऑक्टोबरची व्हिजिट कापूस यायच्या आधी संपते, आणि जानेवारीत जातो तोवर कॉईलवर गोधडी बसलेली असते. हा तक्ता ज्याने बनवला त्याने वर्षाचे सारखे चार तुकडे केले. आमचं वर्ष असं सारखं कापलं जात नाही ना.

गोधडी म्हणालो ती उगाच नाही. एका कापूस व्यापाऱ्याचं ऑफिस जिनच्या आवारातच आहे. दीड टनाचे दोन इन्व्हर्टर एसी, आउटडोअर दोन्ही मागच्या भिंतीला, कापसाच्या ढिगाकडे तोंड करून. पौष महिना असेल. तक्रार अशी की दुपारी एसी आपोआप बंद पडतो, संध्याकाळी ठीक. मी मागे गेलो तर कॉईल दिसतच नव्हती. रुईचा जाड थर, त्यात पत्तीचा चुरा, सरकीची टरफलं. कडेला नख घालून सोलला तर अख्खा थर घोंगडीच्या तुकड्यासारखा हातात आला. पोट्टा म्हणाला, "भाऊ, याची उशी भरता येते." क्लॅम्प मीटर लावला होता, थर काढायच्या आधी ८.९ अँपिअर. थर काढून, जेट मारून, वाळू देऊन अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं तर ६.८. तोच एसी, तेच २४ अंश. शेठजींना मी अँपिअर सांगत बसलो नाही. ती घोंगडी टेबलावर नेऊन ठेवली.

एक गंमत मला फार आवडते. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर नावाच्या अमेरिकन माणसानं काढला, आणि तो होता कापड गिरण्यांचा इंजिनिअर. सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून त्याला हवेत ओलावा सोडायचा होता. माणसाला गार करायचा विचार त्यात मुळात नव्हताच. कापसाच्या सोयीसाठी निघालेला शब्द, आणि आमच्याकडे त्या धंद्याचा सगळ्यात मोठा वैरी कापूसच.

वणीला गेलं की मामला वेगळा. तिकडे कोळसा. ती काळी बुकटी चिकट असते, नुसत्या पाण्यानं निघत नाही, वरून ओली होऊन फिन्सच्या, म्हणजे कॉईलवरच्या पातळ पत्र्यांच्या, मध्ये गाळ होऊन बसते. आणि चुन्याच्या भट्ट्यांकडे जे आउटडोअर आहेत त्यांचं तर विचारूच नका. चुना आणि ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम खातात. दोन-तीन पावसाळ्यांत फिन्स बोटानं दाबल्या तर पापडासारख्या मोडतात. तिथे कोरड्या ब्रशनं आधी झाडायचं, पाणी नंतर, आणि पाणी मारलं तर भरपूर मारायचं. अर्धवट ओलं ठेवलं तर न धुतलेलं परवडलं. बाजारात कॉईल धुवायची तिखट केमिकलं मिळतात, पाच मिनिटांत फेस येऊन चांदीसारखं चकाकतं. गिऱ्हाईक खूश. मी वापरत नाही. त्यातली बरीचशी कॉस्टिकची असतात आणि मळाबरोबर धातूही नेतात. एक रुपयाच्या शॅम्पूच्या पुड्या बादलीत सोडतो, वीस मिनिटं थांबतो, मग आतून बाहेर जेट. बाहेरून मारलं तर कचरा आणखी आत ठोकला जातो. जेट सरळ धरायचा, तिरपा धरला तर फिन्स झोपतात आणि मग कंगवा घेऊन एकेक उभी करत बसा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर. एका स्प्लिटला आत-बाहेर मिळून साठ-सत्तर लिटर लागतं. मे महिन्यात गावात टँकर येतो, बायाबापड्या गुंडं घेऊन उभ्या, आणि मी बँकेच्या मागे एसीला आंघोळ घालतोय. एकदा एका आजीनं विचारलं, "काहून रे बाप्पा, मशीनले पाणी हाय, माणसाले नाई?" मी जेट बंद केला. तेव्हापासून मोठी धुलाई होळी ते गुढीपाडव्याच्या मध्ये उरकतो. कापूस संपलेला, तुरीच्या थ्रेशरची धूळ बसलेली, विहिरीला अजून पाणी असतं. मेमध्ये फक्त फिल्टर आणि कोरडा ब्रश.

त्या आजीमुळे वेळापत्रक सुधारलं हे खरं, कारण उन्हाळा सुरू व्हायच्या आधी कॉईल स्वच्छ असणं आमच्याकडे इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त लागतं. एसीवरच्या ताऱ्यांचा जो हिशेब असतो तो बाहेरच्या २४ ते ४३ अंशांवर करतात. आमच्याकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधीच पारा ४३ च्या वर जाऊन आलेला असतो, आणि तो सावलीतला. टिनावर, स्लॅबवर, पश्चिमेच्या भिंतीला टांगलेल्या आउटडोअरला मिळणारी हवा मी मोजलेली आहे, ५२ अंश. तितक्या गरम हवेत त्याला आतली उष्णता टाकायची आहे. त्यावर रुईचा थर. त्यावर व्होल्टेज पडून १८०. बिचारा ट्रिप होणार नाही तर काय करणार? आणि आतमध्ये साहेब रिमोटवर १६ लावून बसलेले. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींची मूळ सेटिंगच २४ अंश ठेवायची असा केंद्राचा नियम आहे. पण सेटिंग कुठलीही असली तरी बोट खाली जायचं थांबत नाही. १६ लावल्यानं खोली लवकर गार होत नाही, हे मी आजवर किमान शंभर जणांना सांगितलं असेल. पटलं ते दोघांना, त्यातली एक माझी बायको.

उन्हाळ्यातला माझा खरा धंदा कॅपॅसिटरचा, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या डबीचा. कॉम्प्रेसर घूं करतो, उचलत नाही, दोन मिनिटांनी गप्प. गिऱ्हाईक म्हणतं कॉम्प्रेसर गेला. झाकण काढलं की फुगलेला कॅपॅसिटर दिसतो, पुरणपोळी तव्यावर फुगते तसा. पण सगळेच फुगत नाहीत. म्हणून होळीच्या सर्व्हिसिंगला मी मीटरवर घेतो. ५० मायक्रोफॅरड लिहिलेला ४१ दाखवत असेल तर एसी त्या दिवशी चालतोय, मार्चमध्ये चालणारच. मेमध्ये व्होल्टेज पडलं की बसेल. लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त उतरला की काढून टाकतो. दोन-तीनशे रुपयांची गोष्ट आहे, पण चालू एसीतला सुटा भाग बदलू म्हटलं की गिऱ्हाईकाच्या डोळ्यात संशय. "चालून राह्यला ना भाऊ? मग कायले हात लावता?" हा प्रश्न मी रोज ऐकतो. उत्तर म्हणून आता जुना कॅपॅसिटर त्यांच्या टेबलावर ठेवून मीटरचे आकडे त्यांनाच वाचायला लावतो.

कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये, पाली मरतात. हे कुठल्या पुस्तकात आहे की नाही ठाऊक नाही, पण माझ्या वहीत आहे. रात्री उबेला आत शिरतात, सकाळी कॉन्टॅक्टर ओढला गेला की मधल्या मध्ये. मग एक फेज नीट लागत नाही, ठिणग्या उडतात, तीन फेजचं मशीन दोन फेजवर ओढतं. लाल मुंग्यांचंही तसंच. केबल जिथून आत शिरते ती भोकं एमसीलनं बुजवणं हे माझ्या पोट्ट्याचं कायमचं काम.

आता गॅस. 'गॅस संपला' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सरकतं. एसीतला गॅस म्हणजे मोटरसायकलचं पेट्रोल नाही, तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणारा मिस्त्री पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक भरत असतो. साबणाचा फेस नळ्यांच्या जोडावरच्या फ्लेअर नटांना लावा, तेलाचा डाग कुठे आहे पाहा, नायट्रोजन भरून दाब धरतो का पाहा, व्हॅक्युम करा, मग वजनावर गॅस. पूर्वी आर-२२ होता तेव्हा लोक अंदाजानं भरायचे, साठ-सत्तरचा काटा आला की बस. आता दुकानांतल्या नव्या एसींत बहुतेक आर-३२. दाब दीडपटीहून जास्त, आणि तो थोडाफार पेट घेतो. माझ्याकडे पूर्वी होता तो एक हेल्पर गेज लावलेला असताना बिडी पेटवायला निघाला, त्या दिवसापासून व्हॅनमध्ये बिडी-काडी बंद.

गॅसवरून मंगल कार्यालयाचा किस्सा सांगायलाच पाहिजे. वैशाखातलं लग्न, दुपारचा मुहूर्त, सहाशे वऱ्हाडी. छतावर अकरा टनांचे दोन डक्टेबल, पत्र्याच्या नळातून हॉलमध्ये हवा सोडणारे. मला फोन आला तेव्हा दुसरा एक मिस्त्री आधीच वर होता आणि गॅसचा सिलिंडर दोरीनं वर ओढणं चालू होतं. नवरीचे मामा मला जिन्यातच भेटले. "काहीही करा साहेब, पैशाचं पाहू नका." हॉलमध्ये ग्रीलपाशी हात धरला. हवा येत होती, पण फुंकर मारावी इतकी. छतावर कॉम्प्रेसरचा आवाज डब्यात खडे हलवावेत तसा. त्या मिस्त्रीनं गेज लावलेलं होतं, दोन्ही काटे एकाच आकड्यावर. तो म्हणे पाहा, प्रेशरच नाही, गॅस गेला. अरे बाबा, दोन्ही काटे सारखे म्हणजे कॉम्प्रेसर फिरतोय पण ओढत-ढकलत काहीच नाही. मी ब्लोअरची पट्टी पाहिली. उलटी फिरत होती. सकाळी डेकोरेशनवाल्यांनी जनरेटर बदलला होता आणि जोडताना दोन फेज इकडचे तिकडे झाले होते. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला की नुसता आवाज करतो. ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडानं येते, पण पाव. मशीनला हे ओळखून बंद पाडणारा रिले असतो. तो होता, पण मागे कधीतरी कोणीतरी 'सारखा ट्रिप करतो' म्हणून वायर टाकून बायपास करून ठेवला होता. मेन बंद, दोन वायरींची अदलाबदल, मेन चालू. पाच मिनिटं. अक्षता पडल्या तेव्हा हॉल गार व्हायला लागला होता. मामांनी मला जेवायला बसवलं, त्या दुसऱ्या मिस्त्रीलाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून बुंदी खाल्ली, काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी नवा रिले बसवला. आता त्या कार्यालयाच्या मेन बोर्डवर मी रंगानं बाण काढलाय आणि जनरेटर जोडला की आधी ब्लोअर कुठे फिरतो ते पाहायचं, हे तिथल्या वॉचमनला शिकवलंय.

हवा गार करणं लोकांना कळतं. हवा कुठून कुठे जाते हे कोणी विचारत नाही. एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मात्र विचारलं. ऑपरेशनच्या खोलीत धूळ येते, दार बंद असतं, एसी स्वच्छ आहे, मग येते कुठून? मी खिशातून उदबत्ती काढली, दाराच्या खालच्या फटीपाशी धरली. धूर सरळ उठला, मग कमरेत वाकून फटीतून आत गेला. खोलीत भिंतीवर मोठा एक्झॉस्ट पंखा, स्पिरिटचा वास जावा म्हणून दिवसभर चालू. तो जेवढी हवा बाहेर फेकत होता तेवढी खोली कॉरिडॉरमधून, चपलांच्या रॅकवरून ओढून घेत होती. संडास-बाथरूममध्ये असंच पाहिजे, वास आतच राहायला पाहिजे. ऑपरेशनच्या खोलीत बरोबर उलटं. तिथे आतला दाब थोडा जास्त पाहिजे, धूर फटीतून बाहेर यायला पाहिजे. स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा तो आणत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

त्यांनी हेपा फिल्टरचा डबा मागवला. आधी साध्या पंख्यावर लावून पाहिला, हवाच येईना. तो फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण अडवतो, त्यातून हवा ढकलायला दमदार ब्लोअर लागतो. मग ब्लोअर, त्याआधी धुता येणारे दोन फिल्टर, मग हेपा, अशी रांग लावली. दाब मोजायचं यंत्र महाग, म्हणून मॅडमकडूनच सलाईनची नळी घेतली, इंग्रजी यू सारखी वाकवून पाटीवर ठोकली, लाल शाईचं पाणी भरलं. एक टोक फिल्टरच्या आधी, एक नंतर. फिल्टर नवा होता तेव्हा दोन्हीकडच्या पाण्यात २५ मिलिमीटरचा फरक. तिथे एक रेघ. ५० वर दुसरी, लाल रेघ. पाणी लाल रेघेला टेकलं की हेपा बदलायचा. दर सोमवारी सिस्टर आकडा वहीत लिहितात. कापसाच्या दिवसांत पुढचे फिल्टर दर आठवड्याला धुतात, एरवी पंधरवड्याला. आणि महिन्यातून एकदा दाराशी उदबत्ती. वॉर्डबॉय पहिल्यांदा विचारत होता, "आज कोणता वार हाय म्हनून?"

बँकांचं काम देणाऱ्या त्या कंपनीच्या को-ऑर्डिनेटरला मी दोनदा सांगून पाहिलं. म्हटलं, व्हिजिटा चारच ठेवा, पैसे तेवढेच द्या, पण तारखा मला ठरवू द्या. होळीनंतर एक, मेअखेर एक, पोळ्याच्या आसपास एक, दिवाळीनंतर महिनाभरानं एक. तिकडून तरुण पोरगी बोलते, गोड बोलते. "सर, सिस्टिममध्ये क्वार्टर लॉक असतो." मग मी एप्रिलची व्हिजिट एप्रिलमध्येच दाखवतो आणि मेअखेरची माझ्या मनानं करतो, त्याचे पैसे मिळत नाहीत. बायको म्हणते समाजसेवा सोडा. तिचंही बरोबर आहे, डिझेल फुकट येत नाही. पण व्हॅन त्या रस्त्यानं जातेच, आणि एका शाखेला वीस मिनिटं.

त्या पहिल्या शाखेतले शिपाई काका मागच्या वर्षी रिटायर झाले. जाताना नव्या पोराला चाव्या दिल्या, तिजोरीच्या खोलीची वेळ सांगितली आणि माझा नंबर भिंतीवर पेन्सिलीनं लिहून दिला. यंदा नवतपा लागायच्या आदल्या दिवशी त्याच पोराचा फोन. "भाऊ, काका म्हनून राह्यले लोटा कधी आनता?"

गेलो. पाच एसी, पाच लोटे. चार पाईपांतून पाणी आलं. पाचव्यातून आलं नाही. जाळीचा तुकडा माकडानं ओढून नेलेला, आत ओलं बूच, अजून वाळलेलंही नव्हतं. काढलं, नवी जाळी बांधली. रिपोर्टात लोट्याचा रकाना नाही, म्हणून 'इतर शेरा' मध्ये लिहिलं: ट्रेमध्ये पाणी ओतून ड्रेन पाहिला, एक तुंबला होता, काढला. संध्याकाळी को-ऑर्डिनेटरचा फोन. "सर, रिमार्क मराठीत आहे, सिस्टिम घेत नाहीये. डिलीट करू का?"

म्हटलं कर. माझ्या वहीत आहे.